गेम मध्येच का अडकतो? पीसीवर शूटर खेळणाऱ्या कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न तेच असतात, पाठवणारा बदलतो. कधी राजारामपुरीतलं कॉलेजचं पोरगं, कधी कसबा बावड्यातले काका, कधी गोकुळ शिरगावला शिफ्ट संपवून रात्री अकराला खेळायला बसणारा कुणीतरी. "दादा, गेम लई अडकतोय" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, म्हणून आलेले प्रश्न एका जागी घेतले. बहुतेकजण व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळतात, त्यामुळं उदाहरणं तिथलीच आहेत. बाकीच्या शूटरनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

१. अडकतोय खरा, पण दोष पीसीचा की नेटचा हे कसं ओळखायचं?

एका जागी उभं राहून माउस जोरात डावीउजवीकडं फिरवा. तुमचा कॅमेरा फिरवण्याचं काम पूर्णपणे तुमच्याच मशिनवर होतं, सर्व्हरला विचारावं लागत नाही. फिरवताना चित्र झटके खात असेल तर दोष पीसीचा. चित्र लोण्यासारखं फिरतंय, पण समोरचा माणूस उड्या मारत पुढं येतोय, तुम्ही पळताना मागं ओढले जाताय, गोळी लागून पण लागली नाही असं होतंय, तर दोष नेटचा. आणि चित्र दोन सेकंद किंवा कायमचंच थांबलं तर तो तिसरा प्रकार, फ्रीज.

खात्री करायची असेल तर काउंटर-स्ट्राइकमध्ये बॉटबरोबर ऑफलाइन मॅच लावा. तिथंही झटके बसले तर राउटरला शिव्या देऊ नका. नेटवाल्यांनी प्रश्न ९ वर जा, फ्रीजवाल्यांनी ११ वर. बाकीचे इथूनच पुढं वाचत या.

२. कोपऱ्यात एफपीएस १४० दाखवतोय, तरी झटके बसतात. आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, सरासरी असतो. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, आली तो आकडा. समजा एका सेकंदात १३९ फ्रेम प्रत्येकी ६ मिलिसेकंदांत आल्या आणि एकच फ्रेम १६० मिलिसेकंद अडकून राहिली. बेरीज होते ९९४, म्हणजे जवळपास एक सेकंद. काउंटर म्हणणार १४०, डोळ्याला मात्र तो १६० चा खड्डाच दिसणार. स्टॉपवर तासाला सहा बस येतात म्हणून सांगायचं आणि सहाच्या सहा शेवटच्या दहा मिनिटांत यायच्या, तसलाच हा हिशेब.

म्हणून एफपीएस बाजूला ठेवा आणि फ्रेम टाइम, म्हणजे एकेक फ्रेम यायला लागलेला वेळ, बघा. ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, १४४ ला साधारण ७ ची. त्याच्या आलेखाची रेघ सपाट असेल तर ९० एफपीएसचा गेमसुद्धा गोड वाटतो, आणि रेघेत सुळके असतील तर २०० चा पण नकोसा होतो. व्हॅलोरंटमध्ये व्हिडिओ सेटिंगच्या स्टॅट्समध्ये हा आलेख चालू करता येतो, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये टेलिमेट्रीमध्ये. इतर गेमसाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर वापरा. खालच्या सगळ्या उत्तरांत "आलेख बघा" असं म्हटलंय तो हाच.

३. एक रुपया न घालता आधी काय तपासू?

कॅबिनेटच्या मागं वाका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की वर मदरबोर्डात? हसू नका. पंचवीस हजारांचं कार्ड बसवून वर्षभर मदरबोर्डच्या पोर्टवर खेळणारा माणूस मी स्वतः पाहिलाय, आणि तो इंजिनिअर होता.

मग डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर अडकलेला असतो. लॅपटॉप असेल तर त्याच्याच मूळ चार्जरवर आणि परफॉर्मन्स मोडवर खेळा, बॅटरीवर खेळताना त्याची ताकद मुद्दाम कमी केलेली असते. स्टीमचं डाउनलोड मागं चालू नाही ना, एक्सबॉक्स गेम बार गुपचूप रेकॉर्डिंग करत नाही ना, डिस्कॉर्डचं ओव्हरले चालू नाही ना, तेही बघून घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि एक मॅच खेळा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम सुधारला, तर नेमकं काय सुधारलं ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तुमचा मेसेज येतो.

४. अपडेट आलं की पहिल्या एकदोन मॅच अडकतात, मग आपोआप नीट. का?

हे शेडरमुळं. स्फोट, धूर, पाणी, बंदुकीवरची चकाकी कशी दाखवायची याचे छोटे प्रोग्रॅम म्हणजे शेडर. ते तुमच्या कार्डाच्या भाषेत तयार करून घ्यावे लागतात. एखादी गोष्ट पहिल्यांदाच पडद्यावर आली आणि तिचा शेडर तयार नसला, तर तो होईपर्यंत गेम क्षणभर थांबतो. एकदा झाला की डिस्कवर साठवला जातो आणि पुन्हा त्रास देत नाही. पण ड्रायव्हर बदलला किंवा गेमचं मोठं अपडेट आलं की साठवलेलं रद्द होतं आणि सगळं पहिल्यापासून.

त्यामुळं अपडेटनंतर थेट रँक्ड खेळू नका. दोन डेथमॅच खेळा, सगळ्या बंदुका वाजवा, धूर सोडा. "शेडर तयार होत आहेत" अशी पट्टी दिसली तर ती मध्येच तोडू नका. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅशेची मर्यादा वाढवून १० जीबी करता येते. आणि दर आठवड्याला शेडर कॅशे पुसायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. झटके घालवायला म्हणून पुसायचा आणि पुसल्यामुळंच पुन्हा झटके खायचे, असलं ते काम आहे.

५. सुरुवातीला मस्त चालतो, अर्ध्या तासानं अडकायला लागतो. रॅम भरते का?

कधी कधी भरते, पण आधी ताप बघा. एचडब्ल्यूइन्फो (ताप आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून खेळा आणि नंतर तपासा. नुसत्या आकड्याला घाबरू नका. रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाऊन काम करतील असेच बनवलेत आणि इंटेलचे बरेचसे १०० पर्यंत जातात. अडकायला लागलं त्याच क्षणी प्रोसेसरचा किंवा कार्डाचा वेग धाडकन खाली आलाय का, आणि थर्मल थ्रॉटलिंग (तापल्यामुळं वेग मुद्दाम कमी करणं) या नोंदीपुढं "येस" आलंय का, हे बघायचं. दोन्ही जुळलं तर गुन्हेगार सापडला.

आपल्याकडं याची कारणं ठरलेली आहेत. उद्यमनगर-शिरोली पट्ट्यातल्या घरांत लोखंडाचा आणि वाळूचा बारीक भुगा येतो, तो हीटसिंकच्या पात्यांत बसतो. देवघराशेजारी पीसी असेल तर उदबत्तीच्या धुरानं त्या धुळीला चिकटपणा येतो आणि पावसाळ्यात दोन महिने दमट हवेत त्याचा नमदाच तयार होतो. मंगळवार पेठेतल्या एका घरी सुताराकडून झकास टेबल करून घेतलं होतं, कॅबिनेटला स्वतंत्र कप्पा, वर दार. पोरगा तीन महिने ड्रायव्हर बदलत होता. कप्प्याचं दार काढलं, संपला विषय.

साफ करताना ब्लोअर मारा, पण पंखा बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं गरगर फिरू देऊ नका. तीनचार वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्ट बदला. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्यांनी गादीवरून उठावं, एवढंच.

ताप ठीक असेल तर टास्क मॅनेजरमध्ये गेमची रॅम मॅचगणिक वाढत जाते का बघा. वाढत असेल तर दोन मॅचनंतर गेम बंद करून पुन्हा चालू करणं हाच तात्पुरता उपाय.

६. ८ जीबी रॅम पुरते का? आणि १६ ची एक घेऊ की ८ च्या दोन?

काउंटर-स्ट्राइक २ ची अधिकृत किमान गरजच ८ जीबी आहे, म्हणजे गेम उघडेल. पण विंडोज, डिस्कॉर्ड आणि क्रोमचे दहा टॅब तुमच्याबरोबर असतातच. रॅम संपली की विंडोज डिस्कवरची जागा रॅम म्हणून वापरतं, आणि डिस्क रॅमच्या कित्येक पट मंद. त्या ये-जा करण्यातच झटका बसतो.

घ्यायची तर ८ च्या दोन. दोन कांड्या दोन वेगळ्या चॅनलवर बसल्या की प्रोसेसरला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. चार खाच्यांच्या बोर्डावर सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या, बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ज्यांच्याकडं वेगळं कार्ड नाही, रायझन ५६००जी सारख्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळताय, त्यांना तर हा फरक डोळ्यांनी दिसतो, कारण त्यांची व्हिडिओ मेमरीसुद्धा याच रॅममधून जाते.

आणखी एक. पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅम बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे पाकिटावरचा वेग लावणारी सोय, चालू केल्याशिवाय बऱ्याचदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच पळते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो. आजच बघा.

७. गेम हार्ड डिस्कवर आहे. फरक पडतो?

पडतो. गेम एसएसडीवर हलवा. एसएसडी असेल आणि काठोकाठ भरली असेल तर पंधरावीस टक्के जागा मोकळी करा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) "गुड" सोडून दुसरं काही दिसलं तर आधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या, गेमचं नंतर बघू.

८. सगळी सेटिंग लो केली, रिझोल्यूशन पण पाडलं, तरी ढिम्म फरक नाही.

कारण तुमचं कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर दमलाय. सेटिंग कमी केल्यानं मुख्यतः कार्डाचं ओझं उतरतं. आलेखाशेजारी कार्डाचा वापर बघा. तो ५०-६० टक्क्यांवर असेल आणि प्रोसेसरचा एखादा कोर शंभरला टेकलेला असेल, तर रिझोल्यूशन आणखी पाडून काही मिळणार नाही.

इथं उपाय उलटा वाटेल असा आहे: एफपीएसला मर्यादा घाला. २२० आणि ९० च्या मध्ये झोके घेण्यापेक्षा १२० वर ठाम राहिलेला गेम चांगला, कारण प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा राहते. मर्यादा गेमच्या सेटिंगमधूनच घाला. आणि माउस ८००० हर्ट्झ पोलिंगचा घेतला असेल तर तो १००० वर आणा. सेकंदाला आठ हजार वेळा माउसकडं लक्ष द्यायचं कामही त्याच दमलेल्या प्रोसेसरवर पडतं.

अपवाद आहे. ४ जीबीच्या कार्डावर टेक्सचर हाय ठेवलं तर व्हिडिओ मेमरी ओसंडते आणि तो झटका मात्र टेक्सचर कमी केल्याबरोबर जातो.

९. दुपारी मस्त, संध्याकाळी सात ते दहा लॅग. मुंबईपासून लांब आहे म्हणून का?

नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. मुंबई इथून रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन परत यायला चार मिलिसेकंदसुद्धा पुष्कळ. तुमचा पिंग, म्हणजे हा जाऊन परत यायचा वेळ, ४० असेल तर उरलेला वेळ अंतरात नव्हे, मधल्या वळणांत आणि रांगांत गेला.

संध्याकाळची रांग पुष्कळदा घरातच असते. वरच्या खोलीत ओटीटी, आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल, भावाच्या फोनचा फोटो बॅकअप. अपलोड भरला की राउटरमध्ये पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) साठून राहतात आणि तुमची गोळी मागं उभी राहते. पहिला उपाय म्हणजे लॅन केबल. जुन्या घराच्या दीड फुटी भिंतीतून वायफाय काय येणार? केबल नेणं शक्यच नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झवर या. मग राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सेटिंग) असेल तर पीसीला प्राधान्य द्या. केबलवर, घरातलं बाकी सगळं बंद असतानाही रोज त्याच वेळी पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) दिसला, तरच नेटवाल्याला फोन करा, आणि तो आकडा लिहून ठेवून करा.

पिंग अचानक ६०-७० च्या वर स्थिर झाला असेल तर गेमनं तुम्हाला मुंबईऐवजी दुसऱ्या सर्व्हरवर टाकलं नाही ना बघा. व्हॅलोरंटमध्ये सर्व्हर निवडता येतो.

१०. आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं. त्यामुळं झटके बसतात का?

बारीक झटके बसत नाहीत. व्होल्टेज पडलं तर मशिन बंद पडतं, रीस्टार्ट होतं किंवा पूर्ण गोठतं. शेजारच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग सुरू झाल्यावर तुमचा पीसी रीस्टार्ट होत असेल तर संबंध नक्की आहे. फ्रेम टाइमच्या सुळक्यांचा दोष मात्र लाईटवर ढकलू नका.

यूपीएसबद्दल गैरसमज फार. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, सहसा ३६० वॅटच्या आसपास. मॅच रंगात आली, कार्डानं ओढ घेतली आणि त्याच क्षणी लाईट गेली, तर तो भार यूपीएसला झेपत नाही. बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर विचारूच नका. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणाऱ्यांनी त्याला यूपीएस मोड आहे का बघावं, नाहीतर लाईट जाऊन बॅटरीवर यायच्या त्या क्षणातच मशिन बसतं.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर गेम राहू दे, वायरमनला बोलावून अर्थिंग बघून घ्या.

११. चित्र थांबतं पण मित्रांचा आवाज येत राहतो. कधी कधी आवाजाची "घर्र" होऊन सगळंच बंद. दोन्ही एकच का?

वेगळे. चित्र थांबून, पडदा काळा होऊन दोनेक सेकंदांत परत आलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर पडून पुन्हा उभा राहिलाय. कार्डानं २ सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला हलवून जागं करतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. केलेलं ओव्हरक्लॉक (मुद्दाम वाढवलेला वेग) काढा, डीडीयू या सॉफ्टवेअरनं ड्रायव्हर मुळापासून पुसून नवा टाका, कार्डाची पॉवर केबल काढून घट्ट बसवा.

"घर्र" होऊन सगळं गोठलं आणि बटण दाबूनच बंद करावं लागलं, तर संशय रॅम, एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) किंवा प्रोसेसरवर. इथं कर्नल-पॉवर ४१ नोंद दिसेल, पण ती फक्त "नीट बंद झालं नाही" एवढंच सांगते, कारण सांगत नाही. त्यावरून एसएमपीएस बदलायला पळू नका. जवळपास डब्ल्यूएचईए अशी नोंद असेल तर ती महत्त्वाची, ती हार्डवेअरची तक्रार असते. रॅमची एकेक कांडी काढून, सोनेरी पट्टीवर हलकं खोडरबर फिरवून, पुसून बसवा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावा. खोडरबराचा उपाय गावठी वाटतो, पण दमट हवेत काम करतो.

डिस्कचं फ्रीज वेगळं ओळखू येतं: गेम थांबतो, माउस हलतो, दहावीस सेकंदांनी सगळं एकदम पुढं पळतं. नोंद १२९ किंवा १५३ दिसली आणि तिचा स्रोत डिस्क किंवा स्टोरेज असला, तर प्रश्न ७.

१२. रायझन आहे. दिवसातून एकदोनदा सेकंदभर सगळं अडकतं, आवाज पण फाटतो. बाकी वेळ एकदम भारी. डोकं फिरायची वेळ आलीय.

हा प्रश्न मला आवडतो, कारण याचं उत्तर खरोखर आहे. प्रोसेसरमधला एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) बोर्डावरच्या बायोस चिपशी मधूनच लांबलचक देवाणघेवाण करतो आणि तेवढ्यात सगळं मशिन थबकतं. हे एएमडीनं मार्च २०२२ मध्ये स्वतः मान्य केलं आणि त्यानंतर आलेल्या बायोसमध्ये, एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १२०७ आणि पुढच्या आवृत्तीत, दुरुस्त केलं. आपल्याकडं बोर्ड घेतल्यापासून बायोसला हात न लावलेली मशिनं ढिगानं आहेत, त्यामुळं हा त्रास अजून भेटतो.

एफटीपीएम बंद करून टाकायचा सल्ला मिळेल. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना तो चालणार नाही, त्याच्या व्हॅनगार्ड या अँटी-चीटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. बायोसच अपडेट करा. करण्यापूर्वी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर थांबवा आणि त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. आणि अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये, तेव्हा यूपीएसवर, सकाळच्या वेळी करा. पावसाळ्यात वळवळ करणारी लाईट असताना तर नकोच.

१३. इंटेल १४ व्या पिढीचा आय७ आहे. शेडर तयार होताना "व्हिडिओ मेमरी संपली" म्हणून गेम पडतो. कार्ड तर १२ जीबीचं आहे!

कार्डावर संशय घेऊ नका. १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू खराब होत होते, आणि हा फसवा संदेश त्याचं ओळखीचं लक्षण आहे. इंटेलनं ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्ती कोड) दिला, तो बायोस अपडेटमधून येतो. तो पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. बायोस नवा करूनही गेम पडत असेल तर प्रोसेसर वॉरंटीत द्या. या प्रोसेसरची वॉरंटी कंपनीनं दोन वर्षांनी वाढवलीय, दुकानदार "संपली" म्हणाला तरी बिल घेऊन पुन्हा विचारा.

१४. गेम बंद असताना पण पंखे जोरात फिरतात. विंडोज दुकानातून टाकून घेतलंय.

टास्क मॅनेजर उघडा. उघडल्याबरोबर पंखे शांत झाले आणि बंद केल्यावर पुन्हा सुटले, तर तुमच्या मशिनवर कुणीतरी चोरून क्रिप्टोची नाणी खणतंय (मायनिंग), अशी शंका घ्यायला जागा आहे. फुकटच्या अॅक्टिव्हेटरबरोबर असले मायनर येतात. साफ करत बसू नका, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घेऊन कोरं टाका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा मशिनला झेपत असेल तर ११ च टाका.

१५. एफपीएस बूस्टर, रजिस्ट्री ट्वीक वगैरे वापरू का?

नको. काय बदललं तेच कळत नाही, आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेलं विसरू नका.

१६. ब्लूटूथ इयरबड लावले की लॅग वाढतो, हा भास आहे का?

भास नाही. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झ वायफाय एकाच पट्ट्यात बोलतात, आणि लॅपटॉपमध्ये दोन्हीचं काम बहुतेक एकच कार्ड करतं. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या किंवा वायरचा हेडफोन घ्या. पावलांचा आवाज उशिरा ऐकू येणं बंद होईल, तो फायदा वेगळाच.

१७. सगळं करून झालं. आता पैसे घालायची तयारी आहे. काय घेऊ?

आधी उसनं आणा. मित्राची रॅम, भावाचा एसएमपीएस, दोन दिवसांसाठी. पेठेत एवढं तरी मिळतंच, फुटबॉलला वेगळ्या संघाचे असलात तरी. फरक पडला तरच विकत घ्या. क्रम म्हणाल तर गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी, मग रॅमची दुसरी कांडी, आणि कार्ड सगळ्यात शेवटी, तेही प्रश्न ८ मधल्या तपासात कार्डच शंभर टक्क्यांवर दिसलं तर.

सेकंडहँड कार्ड घेताना पोर्टवरचा गंज आणि पंख्याखाली सुकलेल्या गाळाची रेघ बघा. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको. तुमच्या समोर अर्धा तास गेम चालवून दाखवायला तयार नसेल तर व्यवहार करू नका.

१८. तुम्हाला मेसेज करताना काय पाठवू?

प्रोसेसर, कार्ड, रॅमच्या किती कांड्या, गेम कुठल्या डिस्कवर, झटका कधी बसतो, आणि फ्रेम टाइमच्या आलेखाचा स्क्रीनशॉट. मोबाईलनं मॉनिटरचा व्हिडिओ काढून पाठवू नका. फोन सहसा सेकंदाला तीस फ्रेम टिपतो, तुमचा बारीक झटका त्यात नीट दिसत नाही, दिसतो तो मागच्या भिंतीवरचा ट्यूबलाईटचा लखलखाट.